मॉरिशसचा राष्ट्रीय फुटबॉल संघ : जमात, प्रदेश आणि राष्ट्र

राष्ट्रीय संघ ही संस्था वरवर पाहता अगदी साधी वाटते. एका देशातील अकरा उत्तम खेळाडू निवडावयाचे, त्यांना एका रंगाचा पोशाख द्यावयाचा आणि दुसऱ्या देशाच्या अकरा खेळाडूंसमोर उभे करावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. परंतु ह्या व्यवहारात एक गृहीत दडलेले आहे. त्या अकरा जणांना ‘आपले’ म्हणणारा समाज अगोदरच अस्तित्वात आहे, हे ते गृहीत होय. जुन्या व मोठ्या राष्ट्रांच्या बाबतीत ते तपासून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. लहान, अलीकडे स्वतंत्र झालेल्या आणि नाना वंशांच्या लोकांनी वसलेल्या बेटांवर मात्र पुष्कळदा संघ अगोदर उभा राहतो आणि त्याला आपला म्हणणारा समाज मागाहून घडवावा लागतो. हिंदी महासागरातील मॉरिशस हे ह्याचे ठळक उदाहरण आहे. त्या देशाच्या फुटबॉल संघाचा इतिहास हा सामन्यांतील जयपराजयांचा इतिहास म्हणून फारसा मोठा नाही. पण जमातनिष्ठा आणि राष्ट्रनिष्ठा ह्यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास म्हणून तो समाजशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. त्याची रूपरेषा मांडून त्यातून निघणारा एक प्रश्न स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. बेट आणि त्यावरील वस्ती

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे नाहीत. डच लोकांनी १६३८ मध्ये तेथे पहिली वसाहत केली व १७१० मध्ये ती सोडून दिली. त्यानंतर फ्रेंच आले. त्यांनी ऊस लावला व त्याच्या लागवडीसाठी आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले; परंतु जमीन, साखर कारखाने आणि प्रतिष्ठितांची भाषा ही फ्रेंच वंशजांकडेच राहिली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. तिची जागा करारबद्ध मजुरीने घेतली व पुढील पाऊणशे वर्षांत जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य भोजपुरी बोलणारे असले, तरी मद्रास इलाख्यातून तमिळ व तेलुगू भाषक आणि मुंबई बंदरातून कोकण व देशावरचे मराठी भाषकही गेले. त्यांच्या मागोमाग गुजरातेतून मुसलमान व्यापारी व दक्षिण चीनमधून चिनी दुकानदार आले. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात इतके भिन्न समाज अशा प्रकारे एकमेकांशेजारी येऊन राहिले. ते बाजारात, कारखान्यात व कचेरीत एकत्र येत. क्रिओल ही त्यांची सर्वांची बोली बनली. परंतु विवाह, उपासना आणि करमणूक ह्या बाबतींत प्रत्येकाचे कुंपण वेगळे राहिले.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तो ह्या कुंपणांसकट. स्वातंत्र्याच्या अवघे दोन महिने आधी, जानेवारी १९६८ मध्ये, राजधानी पोर्ट लुई येथे क्रिओल व मुसलमान ह्यांच्यात दंगे झाले आणि ते शमविण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. नव्या राष्ट्रापुढील मुख्य समस्या कोणती, हे त्याच्या जन्मापूर्वीच अशा रीतीने उघड झाले होते.

२. दोन वर्गीकरणे : घटनेचे आणि मैदानाचे

मॉरिशसच्या राज्यघटनेने ह्या विविधतेची दखल एका विशिष्ट पद्धतीने घेतली. लोकप्रतिनिधींच्या निवडणुकीत ६२ सभासद थेट निवडून आल्यावर, ज्या जमातींना पुरेसे स्थान मिळाले नसेल त्यांच्या पराभूत उमेदवारांतून आणखी आठपर्यंत जागा भरण्याची तरतूद तीत आहे. ह्यासाठी चार जमाती मानल्या आहेत : हिंदू, मुसलमान, चिनी आणि सर्वसाधारण लोकसंख्या. शेवटच्या वर्गाची व्याख्या मोठी सूचक आहे. जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिहींपैकी कोणत्याही जमातीचा दिसत नाही तो सर्वसाधारण लोकसंख्येतील होय, अशी ती आहे. फ्रेंच मळेवाला आणि गुलामांचा वंशज क्रिओल कोळी हे दोघेही त्यामुळे एकाच रकान्यात येतात.

आता ह्याच समाजाचे फुटबॉलच्या मैदानावरील वर्गीकरण पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावर जे क्लब प्रबळ झाले त्यांत डोडो क्लब फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा, रेसिंग क्लब मिश्रवंशीय मध्यमवर्गाचा आणि फायर ब्रिगेड, म्हणजे मूळचा बंबवाल्यांचा संघ, क्रिओल कष्टकऱ्यांचा होता. मुस्लिम स्काउट्स, हिंदू कॅडेट्स आणि तमिळ कॅडेट्स ह्यांच्या नावांतच त्यांची ओळख होती. चिनी समाजाचाही ड्रॅगन्स नावाचा संघ होता.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की त्यांतील अंतर लक्षात येते. घटनेने ज्यांना एका वर्गात घातले त्या सर्वसाधारण लोकसंख्येचे मैदानावर तीन भाग पडलेले दिसतात आणि हे भाग वर्ण व वर्ग ह्यांच्या रेषांवर पडलेले आहेत. घटनेच्या दृष्टीने तमिळ भाषक हिंदूंत मोडतो. मैदानावर मात्र त्याचा क्लब निराळा आहे. घटनेचे वर्गीकरण सत्तेच्या वाटपासाठी केलेले, म्हणून ते ढोबळ आहे. क्लबांचे वर्गीकरण कोणी कोणाबरोबर उठावे-बसावे ह्या नित्याच्या व्यवहारातून उगवलेले, म्हणून ते सूक्ष्म आहे. जनगणनेत जमातीची नोंद घेणे १९७२ नंतर बंद झाले. परंतु रविवारी कोण कोणत्या झेंड्याखाली उभा राहतो, ही नोंद मैदानावर पुढेही होत राहिली.

ह्या यादीसंबंधी मराठी वाचकाच्या मनात साहजिकच एक गोष्ट येईल. मॉरिशसमधील मराठी भाषकांचे वंशज धर्माने हिंदू असले, तरी आपली भाषा, आपली मंडळे व आपला गणेशोत्सव ह्यांच्या बळावर त्यांनी स्वतंत्र ओळख जपली आहे. तेथील शाळांतून मराठी शिकविलीही जाते. तथापि वर उल्लेखिलेल्या क्लबांत मराठी नावाचा क्लब नाही. तेलुगू नावाचाही नाही. जमातवार क्रीडापद्धतीची ही एक अंगभूत मर्यादा होय. प्रबळ क्लब चालविण्यास संख्या लागते आणि द्रव्यही लागते. ज्या गटापाशी ही दोन्ही बेताचीच असतात, त्याला कोणा मोठ्याच्या छायेत उभे राहावे लागते. अशा लहान गटांच्या दृष्टीने, निदान तत्त्वतः तरी, राष्ट्रीय संघ हाच असा एकमेव संघ ठरतो की जो इतरांइतकाच त्यांचाही आहे.

३. राष्ट्रीय संघाचा उदय

मॉरिशसचा प्रातिनिधिक संघ देशाच्या स्वातंत्र्यापेक्षा वयाने वडील आहे. १९४७ पासून तो रेयुनियन व मादागास्कर ह्या शेजाऱ्यांशी त्रिकोणी सामने खेळू लागला आणि त्या काळात ह्या बेटांमध्ये त्याचा दबदबा होता. स्वातंत्र्यानंतर सहाच वर्षांनी त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग आला. १९७४ मध्ये ईजिप्त येथे झालेल्या आफ्रिकी राष्ट्रचषक स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात तो दाखल झाला. तेथे काँगोकडून ०–२, गिनीकडून १–२ आणि झाईरकडून १–४ असा तो हरला. ज्या झाईरने पुढे तो चषक जिंकला व त्याच वर्षी विश्वचषकातही भाग घेतला, त्याच्याविरुद्ध एक गोल करणे ही आठ-नऊ लाख वस्तीच्या बेटाला लहान गोष्ट नव्हती. त्या स्पर्धेचा अंतिम टप्पा मॉरिशसला त्यानंतर मात्र गाठता आलेला नाही.

खेळाच्या दृष्टीने ह्याहून गौण, पण समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रसंग १९८५ चा होय. त्या वर्षी हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडास्पर्धा मॉरिशसमध्ये भरल्या आणि फुटबॉलचे सुवर्णपदक यजमानांनी मिळविले. रेयुनियन हा फ्रान्सचा भाग असल्यामुळे विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांत त्याला स्थान नाही. पण ह्या स्पर्धांत तो खेळतो आणि मॉरिशसचा तो परंपरागत प्रतिस्पर्धी आहे. समोर ‘दुसरे’ बेट उभे राहिले की आपल्या बेटाचे एकत्व जाणवू लागते. निरनिराळ्या क्लबांच्या पाठीराख्यांनी एकाच संघासाठी एकत्र उभे राहावे, हा अनुभव १९८५ ने दिला आणि राष्ट्रीय ऐक्याचा क्षण म्हणून त्याची आठवण तेथे वारंवार काढली जाते. २००३ मध्ये ह्या स्पर्धा पुन्हा मॉरिशसमध्ये भरल्या, तेव्हाही फुटबॉलचे सुवर्णपदक त्यांनाच मिळाले.

परंतु अशा क्षणांची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. राष्ट्रीय संघ वर्षातून मोजके दिवस खेळतो. क्लब आठवड्यागणिक खेळतो. पहिल्याचा आनंद सणासारखा असतो, तर दुसऱ्याची निष्ठा रोजच्या भाकरीसारखी असते. शिवाय राष्ट्रीय संघाचे खेळाडू क्लबांतूनच येतात. क्लब जमातींचे असले की खेळाडू घेतला काय किंवा वगळला काय, कोणताही निर्णय जमातीच्या चष्म्यातून पाहिला जाण्याची शक्यता राहतेच. निवड करणारा कितीही निःपक्षपाती असला, तरी त्याची निःपक्षपाती वृत्ती सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

४. नावे बदलली, निष्ठा राहिल्या

ही अडचण राज्यकर्त्यांनी ओळखली होती. १९८४ च्या क्रीडाविषयक कायद्याच्या सुमारास जमातवाचक नावे टाकून देण्याचे बंधन क्लबांवर आले. त्यानुसार मुस्लिम स्काउट्स हा स्काउट्स क्लब झाला, हिंदू कॅडेट्स हा कॅडेट्स क्लब झाला आणि तमिळ कॅडेट्सने सनराइज हे नाव घेतले. फायर ब्रिगेडचे नाव मुळातच जमातवाचक नसल्यामुळे ते तसेच राहिले. पुढे पुढे ह्या क्लबांतून अन्य जमातींचे खेळाडूही खेळू लागले. म्हणजे नाव आणि खेळाडू ह्या दोन्ही बाबतींत जमातीचे बंधन सैल झाले. सैल झाले नाही ते पाठीराख्यांच्या मनातील बंधन. स्काउट्स म्हणजे कोणाचे आणि फायर ब्रिगेड म्हणजे कोणाचे, हे नावावरून सांगण्याची पोर्ट लुईमध्ये कोणाला गरज नव्हती.

१९९९ हे वर्ष ह्या विसंगतीची कसोटी पाहणारे ठरले. २१ फेब्रुवारी रोजी काया ह्या नावाने विख्यात असलेला क्रिओल गायक पोलीस कोठडीत मृत्यू पावला आणि देशभर दंगे उसळले. ते शमून तीन महिने होतात न होतात तोच, २३ मे रोजी, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा निर्णय करणारा स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड हा सामना बेल व्ह्यू येथील अंजली क्रीडांगणावर झाला. फायर ब्रिगेडचा विजय झाला. प्रेक्षकांतील दंगल क्रीडांगणाबाहेर पसरली, उसाच्या शेतांना आगी लावण्यात आल्या आणि त्याच रात्री पोर्ट लुईमधील ‘लामिकाल’ ह्या द्यूतगृहास आग लावण्यात आली. तीत सात जण मरण पावले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. त्यांचा सामन्याशी काडीचाही संबंध नव्हता.

ज्या क्रीडांगणावर हे प्रकरण सुरू झाले त्याचे नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९४३ मध्ये ह्याच परिसरातील उसाच्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बळी पडलेल्या अंजली कूपेन ह्या गरोदर मजूर स्त्रीचे नाव त्याला दिलेले आहे. जमातींच्या पलीकडे जाऊन सर्व कष्टकऱ्यांनी आपली मानावी अशी ती स्मृती. नाव देण्याने तेवढ्याने निष्ठा घडत नाहीत, ह्याचे इतके कठोर प्रत्यंतर क्वचितच मिळेल.

५. प्रदेशाच्या पायावर पुनर्रचना

लामिकालच्या घटनेनंतर क्लबांचे सामने थांबविण्यात आले आणि ते पुन्हा सुरू झाले ते वेगळ्या पायावर. जुने क्लब बाजूस सारून गावे व जिल्हे ह्यांचे नवे संघ निर्माण करण्यात आले. पोर्ट लुई, पॅम्प्लमूस, क्युरपिप, व्हाकोआ-फिनिक्स, साव्हान अशी भूगोलातील नावे आता गुणतक्त्यावर दिसू लागली. तर्क सरळ होता. जमात मनुष्याला जन्माने मिळते. गाव मात्र शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येते. गावाच्या संघात सर्व जमातींचे खेळाडू एकत्र आले, की त्यांचे पाठीराखेही एकत्र येतील, अशी ही कल्पना होती.

तिचा पहिला भाग साध्य झाला. १९९९ सारखा प्रसंग पुन्हा ओढवला नाही, हे यश लहान नव्हे. दुसरा भाग मात्र साध्य झाला नाही. पाठीराखे एकत्र आले नाहीत. ते घरी बसले. ज्या मैदानांवर एके काळी हजारोंची गर्दी लोटे तेथे प्रेक्षागार ओस पडले. फुटबॉलचे वेड नाहीसे झाले असे मात्र नाही. ते दूरदर्शनच्या पडद्याकडे वळले. लिव्हरपूल व मँचेस्टर युनायटेड ह्या इंग्लंडमधील क्लबांचे पक्ष मॉरिशसमध्ये अत्यंत उत्साहाने घेतले जातात. विशेष म्हणजे ह्या पक्षांना जमात नाही. एकाच कुटुंबातील भाऊ विरुद्ध पक्षांत असतात आणि शेजारचा मुसलमान, क्रिओल वा चिनी तरुण आपल्या पक्षात असतो. कायद्याने जे घडविता आले नाही ते सहा हजार मैलांवरील एका परक्या स्पर्धेने सहज घडविले; पण त्याचा लाभ मॉरिशसच्या मैदानाला झाला नाही.

मुंबईच्या क्रीडा-इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक तुलना सुचेल. साम्राज्याच्या ह्याच छत्राखाली मुंबईत क्रिकेटचे सामने जमातवार होत. १९१२ पासून ते चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी झाले आणि १९४६ मध्ये बंद पडले. त्यांच्याविरुद्ध गांधीजींनी १९४० मध्ये मत दिले होते. परंतु पंचरंगी सामने बंद पडले तेव्हा प्रांतांच्या पायावर उभी असलेली रणजी स्पर्धा सुरू होऊन बारा वर्षे लोटली होती. प्रेक्षक प्रथम पंचरंगी सामन्यांनाच अधिक येत, हे खरे. तरी नवी निष्ठा जुनीच्या शेजारी हळूहळू रुजण्यास काही अवधी मिळाला. मॉरिशसमध्ये तो अवधी मिळाला नाही. तेथे जुने झाड एका आपत्तीनंतर मुळासकट उपटण्यात आले आणि त्याच खड्ड्यात दुसरे लावून त्याने लगेच सावली द्यावी अशी अपेक्षा करण्यात आली.

६. लहानपणाचा युक्तिवाद

राष्ट्रीय संघाच्या दुबळेपणाचे स्पष्टीकरण देताना देशाच्या लहानपणाकडे बोट दाखविण्याची पद्धत आहे. ती फारशी समाधानकारक नाही. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. तिच्याहून कमी लोकसंख्येच्या कोमोरोस बेटांनी जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिकी चषकात घानाला ३–२ असे हरवून बाद फेरी गाठली. सुमारे पाच लाख वस्तीच्या केप व्हर्दने ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकाची पात्रता मिळविली. आणि अवघ्या लाखभर वस्तीच्या सेशेल्सने २०११ च्या बेटांच्या स्पर्धेतील अंतिम सामन्यात पेनल्टी किकांवर मॉरिशसलाच नमविले.

कोमोरोस व केप व्हर्द ह्यांच्या यशात युरोपात जन्मलेल्या वा वाढलेल्या आपल्या वंशजांचा वाटा मोठा आहे. मॉरिशसनेही हा मार्ग चोखाळून पाहिला. फ्रान्समध्ये जन्मलेले केव्हिन ब्रू आणि लिंडसे रोझ हे खेळाडू त्याच्या संघातून खेळले. परंतु परदेशात घडलेला खेळाडू हा पूरक असू शकतो; घरच्या मैदानाची जागा तो घेऊ शकत नाही. भारतीय प्रेक्षकांनी मॉरिशसचा संघ अलीकडे दोनदा आपल्या भूमीवर पाहिला. १९ ऑगस्ट २०१७ रोजी अंधेरीच्या क्रीडांगणावर त्याने भारताविरुद्ध पहिला गोल केला व अखेर तो १–२ असा हरला. ३ सप्टेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे त्याने भारताला गोलशून्य बरोबरीत रोखले. हा संघ गुणहीन नाही, हे ह्या दोन निकालांवरूनही दिसते. घरच्या मैदानावर आठवड्यागणिक त्याच्या खेळाडूंवर डोळे रोखून बसणारा प्रेक्षकवर्ग त्याच्यापाशी उरलेला नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

७. समारोप

ह्या वृत्तान्तातून जो प्रश्न उभा राहतो तो फुटबॉलपुरता मर्यादित नाही. जमातनिष्ठ क्लबांनी मॉरिशसच्या मैदानांना उत्कटता दिली, पण तिची किंमत सात निरपराध जीवांनी मोजली. प्रदेशनिष्ठ क्लबांनी शांतता दिली, पण उत्कटता त्यांच्या वाट्याला आली नाही. ह्यावरून जमातीवाचून उत्कटता नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. १९८५ चे सुवर्णपदक आणि इंग्लिश क्लबांच्या पाठीराख्यांची मिश्र टोळकी ही दोन्ही उदाहरणे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. मॉरिशसचा मनुष्य जमातीच्या कुंपणाबाहेर निष्ठा बाळगू शकतो, हे त्यांवरून निर्विवाद ठरते. निष्ठा दुसऱ्या पायावर वळविता येते. पण आज्ञेने नव्हे आणि एका हंगामात तर नव्हेच.

संस्था मोडणे हे शासनाच्या हाती असते, संस्था स्थापणेही असते. त्या संस्थेविषयी ‘आमची’ हा शब्द लोकांच्या तोंडी येणे, हे मात्र सहवास, स्मृती आणि काळ ह्यांचे काम आहे. लहान जमातींच्या दृष्टीने, आणि त्यांत मराठी भाषकांचे ते दूरचे वंशजही आले, ह्या शब्दाची गरज सर्वांत अधिक आहे. कारण मोठ्या जमातींना आपापले क्लब होते, त्यांना राष्ट्राचा संघ तेवढा आहे. गावोगावच्या संघांना पिढीभराच्या आठवणी मिळतील आणि बापाने ज्या मैदानाच्या कडेला उभे राहून सामना पाहिला तेथेच मुलगा उभा राहील, तेव्हा त्या संघांतून घडलेला राष्ट्रीय संघही सणापुरता न उरता नित्याचा होईल. गावोगावच्या संघांना आता पाव शतक होऊन गेले आहे. ह्या काळात कोणत्या गावी असा प्रेक्षकवर्ग मूळ धरू लागला व कोणत्या गावी नाही, आणि त्याची कारणे कोणती, ह्याचा प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला तौलनिक अभ्यास हे ह्या विषयातील पुढचे कार्य होय.